घशाबरोबर वर्गही तपासा

जूनच्या मध्याला शाळा उघडतात, तेव्हा कोल्हापूर भागात पाऊसही नुकताच सुरू झालेला असतो. सुट्टीत घरच्यांशी बोलण्यापुरता वापरला गेलेला शिक्षकांचा आवाज एका दिवसात पाच-सहा तासांच्या कामाला जुंपला जातो. करवीर तालुक्यातलं उचगाव शहराला अगदी लागून आहे. जवळून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, शेजारी गांधीनगरची कापडाची मोठी बाजारपेठ आहे, कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग आहे आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीची वर्दळही आहे. अशा गावातल्या वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर रस्ता आत येतो, बंद केल्या तर पंख्यांची घरघर आणि कोंडलेली हवा उरते. पहिला महिना संपेपर्यंत शिक्षकांच्या खोलीत कुणाचा ना कुणाचा घसा बसलेला असतो.

उपायही ठरलेले असतात. ज्येष्ठमधाची काडी चघळायची, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या, रात्री हळद घातलेलं दूध प्यायचं आणि सकाळी पुन्हा परिपाठाला उभं राहायचं. चार-सहा दिवसांत आवाज मोकळा होतो, म्हणून हा त्रास आजार म्हणून मोजलाच जात नाही. पावसाळी सर्दी झाली, तिखट खाल्लं, माझा घसाच नाजूक आहे, अशी कारणं शिक्षक स्वतःच देतात. इचलकरंजीच्या यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या कामगाराला कमी ऐकू येऊ लागलं, तर तो कामाचा परिणाम आहे हे आज सहज मान्य होतं. वीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळलेल्या शिक्षिकेचा आवाज फाटला, तर तोही कामाचाच परिणाम आहे, हे मात्र अजून मान्य व्हायचं आहे. तिच्या दुखण्याचं मूळ घशाइतकंच वर्गाच्या चार भिंतींत आणि शाळेच्या वेळापत्रकात असतं.

मोजणी झाली तेव्हा

कामामुळे होणाऱ्या आजारांचा पाया घालणारे इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वीच या बाजूला पाहिलं होतं. खाणकामगार, कुंभार, धोबी यांच्या दुखण्यांबरोबर गायक आणि आवाजावर पोट असणाऱ्या इतरांच्या दुखण्यांवरही त्यांनी आपल्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिलं. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. घसा बसल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाला आजही हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

पद्धतशीर मोजणी व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. 1997 साली अमेरिकी आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ठळक विसंगती दाखवली. अमेरिकेतल्या एकूण काम करणाऱ्या लोकांत शिक्षक चार टक्क्यांच्या आसपास होते, पण आवाजाच्या तक्रारी घेऊन उपचार केंद्रांत येणाऱ्यांत त्यांचं प्रमाण जवळपास वीस टक्के होतं. 2004 मध्ये नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी आयोवा आणि युटा या दोन राज्यांतले 1,243 शिक्षक आणि शिक्षक नसलेले 1,288 लोक यांची तुलना केली. त्या वेळी आवाजाचा त्रास असलेले शिक्षक 11 टक्के निघाले, इतरांत हे प्रमाण 6.2 टक्के होतं. आयुष्यात कधी ना कधी असा त्रास झालेले शिक्षक 57.7 टक्के होते, इतर 28.8 टक्के. मागच्या वर्षभरात आवाजामुळे किमान एक दिवस कामावर जाता आलं नाही असं सांगणारे शिक्षक 18.3 टक्के होते. इतरांत ते 7.2 टक्केच होते.

भारतातही आकडे मिळू लागले आहेत. उषा देवदास आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शिक्षकांचा केलेला अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 1,082 शिक्षकांपैकी 188 जणांनी, म्हणजे 17.4 टक्क्यांनी आवाजाचा त्रास असल्याचं सांगितलं. दर सहा शिक्षकांमागे साधारण एक. मोठ्या शाळेच्या हजेरीपटावर नजर टाकली तर तीन-चार नावं या यादीत बसतील.

दिवसाला दहा लाख टकरी

गळ्याच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या कूर्चेच्या आत दोन स्वरतंतू असतात. पुरुषांत त्यांची लांबी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर, स्त्रियांत एक ते दीड सेंटिमीटर. श्वास घेताना ते बाजूला होतात, बोलताना जवळ येतात. फुप्फुसातून येणारी हवा त्यांना दूर ढकलते, त्यांची लवचीकता आणि हवेचा बदललेला दाब त्यांना पुन्हा एकत्र आणतो आणि हे चक्र अतिशय वेगाने चालतं. पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्यात सेकंदाला सुमारे 120 वेळा, स्त्रीच्या बोलण्यात 200 ते 220 वेळा. लहान मुलांना सांभाळताना सूर वर जातो, तेव्हा हा आकडा आणखी वाढतो.

आता शाळेचा दिवस घ्या. पाच तास अध्यापन झालं आणि त्यातला फक्त तीस टक्के वेळ कंठातून प्रत्यक्ष आवाज निघत होता असं धरलं, तरी तो दीड तास होतो. सेकंदाला 220 या हिशेबाने शिक्षिकेचे स्वरतंतू त्या दिवसात जवळपास बारा लाख वेळा एकमेकांवर आदळतात. शिक्षकांच्या गळ्याला मापनयंत्रं बांधून टिट्झे आणि एरिक हंटर यांनी नोंदी घेतल्या, तेव्हाही कामाच्या वेळेतलं आवाजाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आणि घरच्या वेळेत त्याच्या निम्म्याहून कमी आढळलं. घरी आल्यावर स्वतःच्या मुलांचा अभ्यास आणि शिकवण्या असतील, तर ही उसंतही मिळत नाही.

हे तंतू अनेक थरांचे असतात. जपानच्या मिनोरू हिरानो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिलं, की आत स्नायूंचा घट्ट गाभा आणि वर मऊ, जेलीसारख्या थरावर पसरलेलं पातळ आवरण अशी त्यांची रचना असते. आवाजाची लाट या आवरणावरून वाहते. आवरण ओलं आणि मऊ असेल तर ती सहज वाहते, ते कोरडं किंवा सुजलेलं असेल तर जोर लावावा लागतो. फार मोठ्याने, फार वेळ बोललं की त्यावर सूज येते. रात्रभर आवाजाला विश्रांती मिळाली तर सूज उतरते. सोमवार ते शनिवार विश्रांतीच मिळाली नाही, तर पूर्ण उतरण्याआधीच तिच्यावर नवी सूज चढते.

असं महिनोन्महिने चालू राहिलं की दोन्ही तंतूंवर समोरासमोर, जिथे टक्कर सर्वांत जोराची होते त्या ठिकाणी, लहान गाठी तयार होतात. विळा किंवा खुरपं धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात तसंच हे असतं. गाठींमुळे तंतू पूर्ण मिटत नाहीत, मधल्या फटीतून हवा निसटते, आवाज घोगरा आणि श्वासाळलेला येतो. तो ऐकू जावा म्हणून शिक्षक आणखी जोर लावतात आणि गाठी आणखी घट्ट होतात. काही जणांच्या तंतूंवर एका बाजूला मऊ फुगवटा येतो. काहींच्या तंतूंवर काहीच दिसत नाही, पण मान, जबडा आणि कंठाचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि दुपारनंतर आवाज फुटत नाही. वरचे सूर लागेनासे होणं, वाक्याच्या शेवटी आवाज तुटणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटून सारखं खाकरणं, बोलून बोलून मान दुखणं ही सुरुवातीची लक्षणं आहेत. खाकरणं निरुपद्रवी वाटतं, पण प्रत्येक खाकरण्यात तेच तंतू जोराने एकमेकांवर घासले जातात.

शिक्षिकांना हा त्रास जास्त होतो, हे बहुतेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यांचे तंतू आखूड असतात, कंपनं जवळजवळ दुप्पट असतात आणि धक्का शोषून घेणाऱ्या मऊ थरातलं हायलुरोनिक आम्ल त्यांच्यात तुलनेने कमी असतं. त्यात प्राथमिक वर्गांवर शिक्षिकांची संख्या मोठी आणि लहान मुलांचा गलबलाटही मोठा. पाण्याचा प्रश्न तर थेट इमारतीशी जोडलेला आहे. शाळेत बाईंसाठी नीट, स्वच्छ स्वच्छतागृह नसेल, तर दिवसभर पाणी कमी पिण्याकडे कल होतो आणि त्याची किंमत स्वरतंतूंचं कोरडं आवरण चुकवतं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलग्यांसाठी आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत. शिक्षिकांसाठीच्या स्वच्छतागृहाचा त्यात उल्लेख नाही.

भिंती, पत्रा आणि पहिला बाक

1911 साली पॅरिसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी एक साधी गोष्ट नोंदवली. माणूस बोलत असताना त्याच्या कानाशी गोंगाट सुरू केला, तर तो नकळत आवाज चढवतो. गोंगाट थांबला की आवाज खाली येतो. ‘जपून बोला, ओरडू नका’ हा सल्ला शिक्षकांच्या बाबतीत फसतो तो याच कारणाने. गोंगाट तसाच ठेवून आवाज खाली ठेवणं शरीराला जवळजवळ जमत नाही.

एक मीटरवरच्या माणसाशी आपण नेहमी बोलतो तो आवाज 60 डेसिबलच्या आसपास असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो सुमारे 6 डेसिबलने कमी होतो. म्हणजे चार मीटरवरच्या मुलापर्यंत तो 48 डेसिबलचा पोचेल. खोलीत भिंती आवाज परतवतात, म्हणून घट थोडी कमी असते. मुलाला शब्द नीट कळायचे असतील, तर शिक्षकांचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा सुमारे 15 डेसिबलने मोठा हवा. जागतिक आरोग्य संघटनेने 1999च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातला पार्श्वभूमीचा गोंगाट 35 डेसिबलपर्यंत असावा असं म्हटलं आहे. पंखे फिरताहेत, शेजारच्या वर्गात पाढे चालले आहेत आणि बाहेरून ट्रकचा हॉर्न येतो आहे अशा वेळी गोंगाट 60 डेसिबलवर गेला, तर शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवायला शिक्षकांना अक्षरशः ओरडावंच लागतं. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागली, की शिकवणं थांबवण्यावाचून इलाज नसतो. राधानगरी, गगनबावड्याकडच्या शाळांत हे रोजचं आहे.

दुसरा शत्रू म्हणजे खोलीतला घुमारा. सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि सपाट छत आवाज शोषत नाहीत, परतवतात. आधीच्या शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दावर चढतो आणि वर्गातला गलका आपसूक वाढत जातो. वास्तूंच्या ध्वनिशास्त्राचा जन्मच अशा एका वर्गातून झाला. 1895 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात शिकवलेलं कुणाला कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. खोलीत आवाज साडेपाच सेकंद घुमत होता. सॅबिन यांनी दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तिथे मांडल्या, गाद्या वाढवत घुमारा किती कमी होतो ते मोजलं आणि त्यातून आजही वापरात असलेलं गणित मांडलं. वर्गासाठी हा काळ 0.6 सेकंदांच्या आसपास असावा, असं आता मानलं जातं. गाद्यांचं काम जाड पडदे, सतरंजी, मुलांची चित्रं लावायचे सॉफ्टबोर्ड, काथ्याच्या चटया हेही करतात. त्यासाठी मोठ्या बांधकामाची गरज नसते.

आपल्याकडे 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शिक्षणसंस्थांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि अशा क्षेत्राची दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे. महामार्गाच्या कडेला असलेल्या गावांत या नियमाचा आग्रह धरायला शाळेला कायद्याचा आधार आहे. फलक लावणं, हॉर्नबंदीसाठी वाहतूक पोलिसांशी पत्रव्यवहार करणं ही कामं शिक्षकांच्या आरोग्याचीच आहेत.

दरबारी गवयाचा गेलेला आवाज

आवाजावर पोट असणाऱ्या माणसाचा आवाज जाणं म्हणजे काय, याची एक मोठी आठवण कोल्हापूरकडेच आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ 1895 पासून शाहू महाराजांच्या दरबारात गवई होते. कोल्हापुरात येण्याआधी अमलेटा इथे रोजच्या दीर्घ गाण्याचा ताण पडून त्यांचा आवाज गेला. तो जवळपास दोन वर्षं परतला नाही आणि परतला तेव्हा पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीशी बांधलेली गायकी त्यांनी घडवली. पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी ती महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवली.

खाँसाहेबांना दोन वर्षं थांबता आलं आणि पुढे दरबाराचा आश्रयही मिळाला. ज्या शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, त्यांनीच 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा आदेश काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला आणि गावोगाव शाळा निघाल्या. शिक्षण सर्वांपर्यंत पोचवण्याचं हे थोर काम ज्यांच्या कंठावर उभं राहिलं, त्या शिक्षकांना थांबण्याची सोय मात्र तेव्हा नव्हती आणि आजही पुरेशी नाही. गवई वर्षानुवर्षं रियाज करतो, गाण्याआधी आवाज तापवतो, मैफल झाली की विश्रांती घेतो. शिक्षक त्याच अवयवावर दिवसाचे कितीतरी अधिक तास काम करतात. आवाज कसा लावावा, श्वास कुठून घ्यावा, थकवा कसा ओळखावा याचं प्रत्यक्ष शिक्षण त्यांच्यापैकी बहुतेकांना कधीच मिळालेलं नसतं.

सर्वांत अडचण होते ती तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची. त्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. डॉक्टरांनी आठवडाभर मौन सांगितलं, तर तो आठवडा बिनपगारी जातो. म्हणून ते बसलेल्या आवाजानेच शिकवत राहतात आणि तात्पुरती सूज कायमच्या गाठीकडे सरकते. शिकवणी वर्गांतले शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांची स्थितीही फारशी वेगळी नाही.

वळिवड्याच्या पाहुण्यांचा देश

कामामुळे आवाजाला होणारी इजा कायद्याने मान्य करणारे देश आहेत. त्यांतल्या एकाचं उचगावच्या परिसराशी जुनं नातं आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना 1943 ते 1948 या काळात जवळच्या वळिवडे इथल्या छावणीत आसरा मिळाला होता. त्यांत स्त्रिया आणि मुलं बहुसंख्य होती. छावणीत पोलिश शाळा भरत होत्या. घर हरवलेल्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकवणारे शिक्षक या मातीवर उभे राहून बोलत होते.

त्याच पोलंडच्या व्यवसायजन्य आजारांच्या अधिकृत यादीत आज आवाजाचे जुनाट विकार आहेत. किमान पंधरा वर्षं आवाजावर ताण देणारं काम झालेलं असेल आणि तपासणीत तंतूंवरच्या गाठी, ताणामुळे झालेली दुय्यम वाढ किंवा तंतू नीट न मिटण्याइतकी स्नायूंची दुर्बलता आढळली, तर तो आजार कामाचा मानला जातो. कित्येक वर्षं त्या देशाच्या व्यवसायजन्य आजारांच्या नोंदीत आवाजाचे विकार वरच्या क्रमांकावर राहिले आणि त्यांत बहुसंख्य शिक्षक होते. सात वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकांना आरोग्य सावरण्यासाठी एका वेळी वर्षभरापर्यंत पगारी रजा घेण्याची तरतूदही तिथे आहे. स्पेननेही 2006च्या यादीत व्यवसायामुळे सततच्या आवाजाच्या श्रमातून होणाऱ्या स्वरतंतूंवरच्या गाठींना जागा दिली.

भारतात 1948च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सूचित करायच्या आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा असे आजार तिच्यात होते. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतली यादीही याच वळणाची आहे. शिक्षकांच्या आवाजाचा तिच्यात समावेश नाही. आजार यादीत नसला की त्याची नोंद होत नाही, नोंद नसली की किती जणांना तो आहे हे सरकारला कळत नाही आणि मग त्यासाठी निधीही निघत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांसाठी आठवड्याला तयारीसह 45 तास काम ठरवलं, प्राथमिकला तीस आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवलं. वर्गात किती आवाज असावा, किती घुमारा चालेल, हे त्याच्या परिशिष्टात कुठेही नाही.

यात नुकसान एकट्या शिक्षकांचं होत नाही. 2005 साली रॉजरसन आणि डॉड यांच्या संशोधनात मुलांना एकाच प्रकारचा मजकूर निरोगी आणि बिघडलेल्या आवाजात ऐकवला गेला. बिघाड सौम्य असला तरी मुलांचं आकलन घटलं. मुलाचं लक्ष घोगऱ्या आवाजातून शब्द वेचण्यात खर्च होतं, अर्थासाठी कमी उरतं. मराठी ज्यांची घरची भाषा नाही अशी मुलं वर्गात असतील, तर त्यांच्यावरचा भार आणखी वाढतो. गांधीनगरच्या सिंधी घरांतली आणि कामासाठी परराज्यांतून आलेल्या कुटुंबांतली मुलं या परिसरात आहेतच.

उपाय कुठे सुरू होतात

पहिला उपाय तपासणीचा. आवाज बसलेला असताना तो तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहून घ्यायला हवं. तंबाखू, मिश्री किंवा धूम्रपानाची सवय असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसलं किंवा मानेत गाठ लागली, तर तीन आठवडेही थांबू नये. स्वरयंत्राच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण घोगरेपणाच असू शकतं. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, कान-नाक-घसा विभाग आहे. नाकातून किंवा तोंडातून बारीक दुर्बीण घालून तंतू पाहायला काही मिनिटं लागतात. जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशातून पाहण्याचा मार्ग 1854 साली दाखवला तो मान्युएल गार्सिया यांनी आणि ते डॉक्टर नव्हते. ते गाणं शिकवणारे शिक्षक होते.

गाठी झाल्या म्हणजे शस्त्रक्रियाच, असं नाही. सुरुवातीच्या मऊ गाठी वाचा-उपचारतज्ज्ञांच्या मदतीने बऱ्याचदा विरतात. पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून बुडबुडे काढत ‘ऊ’चा सूर धरणं, ओठ मिटून गुणगुणणं यांसारख्या व्यायामांत तोंडाकडून परतणारा हवेचा दाब तंतूंची टक्कर सौम्य करतो. सकाळी परिपाठाआधी पाच मिनिटं हे केलं तर आवाज तयार होतो. घसा बसला असताना कुजबुजत शिकवणं टाळावं, कारण अनेकांचे कंठाचे स्नायू त्यात आणखी आवळले जातात. दिवसभर घोट घोट पाणी प्यावं. रात्री उशिरा, भरपेट, तिखट-तेलकट जेवून लगेच आडवं होण्याने ज्यांना आम्ल घशापर्यंत येतं, त्यांनी जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात, म्हणून त्या विचारून घ्याव्यात.

पण एवढ्यावर थांबलं, तर सगळी जबाबदारी पुन्हा शिक्षकांच्या घशावर येते. नेल्सन रॉय यांनी 2002 साली आवाजाचा त्रास असलेल्या 44 शिक्षकांचे तीन गट केले. एकाला कमरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक दिला, दुसऱ्याला आवाजाची काळजी कशी घ्यावी हे शिकवलं, तिसऱ्याला काहीच दिलं नाही. सहा आठवड्यांनी ध्वनिवर्धक वापरणाऱ्यांच्या तक्रारी स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. निव्वळ सल्ला मिळालेल्या गटात तसा फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, तरी त्याचा रोख महत्त्वाचा आहे: साधन दिल्याने जे साधलं, ते उपदेशाने साधलं नाही. असा कमरेचा स्पीकर आणि डोक्याला लावायचा माईक आज हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. मास्तरांना माईक कशाला, असं कुणी म्हणालं, तर मंदिरातल्या कीर्तनकारापासून प्रचारसभेतल्या उमेदवारापर्यंत सगळे तो वापरतात, हे त्याला सांगता येईल.

वर्गातल्या काही सवयीही बदलता येतात. मुलांना शांत करण्यासाठी ओरडण्याऐवजी टाळीचा ठेका, छोटी घंटा किंवा हात वर करण्याची खूण ठरवता येते. बाक अर्धवर्तुळात मांडले की शेवटचं मूल दोन मीटरने जवळ येतं आणि तेवढाच जोर वाचतो. धडा मुलांकडून आळीपाळीने वाचून घेता येतो, पाढ्यांची जबाबदारी गटप्रमुखांकडे देता येते. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक करताना सलग तीन-चार बोलके तास एकाच शिक्षकाकडे येणार नाहीत एवढं पाहिलं आणि मध्ये लेखनाचा, चित्रकलेचा किंवा प्रयोगाचा तास ठेवला, तरी तंतूंना सूज उतरवायला वेळ मिळतो. दोन वर्ग एकाच खोलीत सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळांत तर अशा मांडणीची गरज सर्वांत जास्त आहे. धूळ कमी उडणारा खडू आणि ओल्या फडक्याने पुसलेला फळा यांनी खोकला आणि खाकरणं कमी होतं.

जागतिक आवाज दिन 16 एप्रिलला असतो. ब्राझीलमध्ये 1999 साली सुरू झालेला हा दिवस परीक्षांच्या धामधुमीत येत असला, तरी त्या सुमारास शिक्षकांची वर्षातून एकदा आवाज-तपासणी ठेवणं जिल्ह्याच्या ठिकाणी अवघड नाही. वर्षभराचा ताण तेव्हा तंतूंवर दिसतो आणि पुढे सुट्टी असल्याने उपचारांना वेळही मिळतो. तपासणीचे आकडे दरवर्षी जमा होत गेले, तर हा आजार व्यवसायजन्य आजारांच्या यादीत यावा, या मागणीला पुरावा मिळेल.

गावपातळीवरचं काम त्याआधीही सुरू करता येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि कलम 22 नुसार हीच समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते. त्या आराखड्यात वर्गखोल्या, कुंपण, पाण्याची टाकी येतात. उचगावच्या पालकांनी त्यात चार नोंदी वाढवायला हरकत नाही: रस्त्याकडच्या वर्गांना जाड पडदे आणि सॉफ्टबोर्ड, खडखडणाऱ्या पंख्यांची दुरुस्ती, शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह आणि लहान मुलांच्या वर्गांसाठी माईक. शाळेपासून शंभर मीटरपर्यंत हॉर्नबंदीचे फलक लावण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हे करायचं, तर आराखड्याची बैठक मार्चमध्येच घ्यावी लागेल.